सबनीस आणि साडेतीन टन

दिलीप सबनीस गेल्याची बातमी आली तेव्हा मी मेलबर्नकडच्या क्लेटनच्या एका डाळवाल्याशी फोनवर भाव पाडण्यासाठी भांडत होतो. ऑगस्ट संपत आला होता. सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात तेव्हा लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. किराणा दुकान म्हणून आम्हाला शटर अर्धं वर ठेवायची तेवढी मुभा. सुरेखा, माझी बायको, गल्ला सोडून मागे गोदामात आली आणि तिने थांबा म्हणून खूण केली. मी तिलाच हात केला, थांब म्हणून. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. तीस वर्षांच्या संसारात तिने मला असं मध्येच तोडल्याची ही दुसरीच वेळ. "मेधाचा फोन होता," ती म्हणाली. "दिलीपभावजी गेले. सकाळी चहा पिता पिता... हार्ट." यावर मी जे बोललो ते मला बदलता येत नाही. मी म्हणालो, "म्हणजे आता तो विषय तसाच राहिला."

तो विषय काय हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो आपल्या सोयीने सांगतो, म्हणून मी लिहायला बसलो आहे. पंचवीस वर्षांची आमची दोस्ती, आणि शेवटचे नऊ महिने आम्ही बोलत नव्हतो. एका कॅरॅव्हॅनवरून. ती कॅरॅव्हॅन माझ्या यूटला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, झेपणार नाही असं तो म्हणाला होता आणि तो बरोबर होता. हे मी त्याला सांगायचं राहिलं. आणि ज्या पद्धतीने त्याने ते म्हटलं, त्याबद्दल त्याने मला माफीचे दोन शब्द बोलायचे राहिले. एक वाक्य माझं, एक त्याचं, एवढाच हिशोब. मी नऊ महिने त्याच्या वाक्याची वाट बघत होतो. ज्या पुरवणीसाठी हे लिहितोय तिच्या संपादकबाईंनी फोनवर "त्यांच्या छान आठवणी लिहा" असं म्हटलं. आठवणी आहेत. छान किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आम्ही भेटलो ते वेंटवर्थव्हिलच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तो पुण्याचा इंजिनिअर, स्किल्ड व्हिसावर आलेला. मी इचलकरंजीच्या बाजारात वयाच्या पंधराव्या वर्षापासून पाठीवर पोती वाहिलेला आणि इथे एका हॉटेलात कांदे चिरायला आलेला. भाडं वाटून घ्यायला चौथा माणूस हवा होता म्हणून तो आमच्यात आला. पहिल्याच आठवड्यात त्याने दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. मी विचारलं, "पिशवीवर लिहिलंय की पाच किलो." तो म्हणाला, "लिहिलंय." एवढंच. छापलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास नसायचा आणि त्याबद्दल तो वादही घालायचा नाही. तो फक्त वजन करायचा. पुढे मी दुकान टाकलं तेव्हा पूजेच्या दिवशी पेढा हातात घेऊन हा माणूस माझ्या नव्या काट्यापाशी गेला, खिशातून कसलंतरी ऑफिसातलं पितळी वजन काढून ठेवलं आणि हळूच म्हणाला, "शेठ, हा वीस ग्रॅम जास्त दाखवतोय. तुझ्या बाजूने." मी म्हणालो, "कोणाला कळतंय?" तो म्हणाला, "आत्ता दोघांना कळलं." दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काटा दुरुस्त करून घेतला.

असं आमचं होतं. मी बोलायचो, तो मोजायचा. सरकारी नोकरी लागून त्याने कॅनबेराच्या गुंगालिनला घर घेतलं तेव्हा एजंटशी घासाघीस मी केली आणि तो बाहेर गाडीत बसून राहिला, कारण त्याला ते ऐकवत नव्हतं. माझ्या दुकानाचा करार त्याने ओळीन् ओळ वाचला, नाहीतर मी पहिल्याच वर्षी रस्त्यावर आलो असतो. मेधावहिनी, त्याची बायको, म्हणायची की या दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. माझ्या रागाची त्याला सवय होती. मी ओरडायला लागलो की तो चष्मा काढून पुसायचा आणि माझं संपलं की परत घालायचा. मला वाटायचं, हा माणूस कधी काही मनाला लावून घेत नाही. हे मी किती आरामात धरून चाललो होतो, ते आता कळतं.

मग महामारी आली. पहिल्या महिन्यात दुकानासमोर कणकेसाठी रांगा लागल्या, माणसं एकमेकांच्या ट्रॉलीतून तांदूळ ओढायला लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. भारतात जाणं बंद झालं. दर डिसेंबरला आम्ही चौघं एकत्र जायचो, ते गेलं. कॅनबेराहून तो फोन करायचा आणि बोलता बोलता एक दिवस ठरलं की विमान नाही तर रस्ता. दिवाळीनंतर चौघांनी मिळून ऑस्ट्रेलिया फिरायचा. दोन-तीन महिने. मुलं मोठी झाली होती, दुकान भाचा सांभाळणार होता. तो म्हणाला, "कॅरॅव्हॅन बघायला लागू. घाई नको." पण त्या वर्षी सगळा देश कॅरॅव्हॅन बघायला लागला होता. आज दिसलेली उद्या नसायची. मला डब्बो गावाजवळ एक मिळाली, म्हाताऱ्या जोडप्याने विकायला काढलेली फिफ्थ व्हीलर. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: साधी कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या हुकाला अडकते. हिचं नाक उंच असतं, ते यूटच्या मागच्या हौद्यावर चढतं आणि तिथे बसवलेल्या मोठ्या लोखंडी कडीत त्याची पिन अडकते, ट्रकच्या ट्रेलरसारखी. नाकाच्या वरच्या भागात डबल बेड, त्याच्या खाली पुढच्या पोटात सामानाचा भलामोठा कप्पा. आत चौघांना बसायचं टेबल, ओव्हन, न्हाणीघर. मी दोन तास त्या म्हाताऱ्याचं डोकं खाल्लं आणि त्याने सांगितलेल्या भावापेक्षा पुष्कळ खाली आणला. माझ्या यूटकडे बघून तो म्हणाला, "थ्री अँड अ हाफ टन टोइंग, मेट. शी विल बी राइट." म्हणजे काळजी नको. यूटच्या पुस्तकातही तेच छापलेलं. कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावरचा आकडाही साडेतीन टनांचाच. साडेतीनला साडेतीन. मी दिलीपला न विचारता सौदा केला आणि मग फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "देखणी आहे. वजन कुठे केलंस?"

दिवाळी झाल्यावर तो आणि वहिनी सिडनीला आले. पहिल्यांदा ब्लू माउंटन्सचा घाट ओलांडून मडजी गावापर्यंत चार दिवसांची रंगीत तालीम करायची, मग मोठी सफर, असं ठरलं होतं. सुरेखा आठवडाभर सामान भरत होती. आमच्या डोक्यातून त्या रांगा गेल्या नव्हत्या. कुठे राज्याची सीमा बंद झाली आणि अडकलो तर खाणार काय? मीच तिला म्हणालो, तालमीला पण सगळं घे, जागा पुरते का बघू. मग तांदळाची चार पोती, कणीक, डाळी, तेलाचे डबे, दोन कुकर, स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या, आणि घरघंटी. हो, दळण दळायची घरघंटी. विकतच्या कणकेचा तिला त्या वर्षी भरवसा राहिला नव्हता, म्हणून गहूसुद्धा होते. किराणावाल्याचं घर, हात आखडता कशाला घ्यायचा? आणि हे सगळं गेलं कुठे, तर नाकाखालच्या त्या कप्प्यात. सर्वांत मोठी जागा तीच होती.

दिलीपने गाडीभोवती एक चक्कर मारली. यूटचा मागचा भाग बसला होता आणि पुढचा वर उठला होता, ते मलाही दिसत होतं, पण दिसणं आणि बघणं यात फरक आहे. तो म्हणाला, "निघू. पण वाटेत काट्यावरून जाऊ." जवळच एक वाळू-खडीवाल्याचा वजनकाटा होता. मी म्हणालो, "अरे, कागदावर साडेतीन टन आहे." तो म्हणाला, "आहे ना. मग दहा मिनिटांचं काम." काट्यावर त्याची एक पद्धत होती. सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं, जसं प्रवासात बसणार तसं. मग आधी दोन्ही गाड्या मिळून वजन, मग नुसती यूटची चाकं काट्यावर, कॅरॅव्हॅन जोडलेलीच पण तिची चाकं काट्याबाहेर. मागून सुरेखा म्हणाली, "भावजी, म्हणजे माझं वजन त्या माणसाला कळणार का?" दिलीप म्हणाला, "वहिनी, सगळ्यांचं मिळून कळेल. वाटणी तुम्ही घरी करा." मेधावहिनी म्हणाली, "माझ्या वाटणीचं शेठना द्या, त्यांना जास्तीचं काही सोडवत नाही." सगळे हसलो. आम्ही चौघं एकत्र हसलो ते शेवटचं.

चिठ्ठी आली. कॅरॅव्हॅन साडेतीन टनांत बसत होती, जेमतेम. मी चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. "बघ." त्याने दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. यूटला स्वतःच्या चार चाकांवर तीन टन पन्नास किलो झेपत होतं, आणि चाकांवर भार होता तीन टन तीनशे ऐंशी. दोन्ही गाड्या मिळून सहा टनांची मर्यादा, तीही ओलांडलेली. मी म्हणालो, ओढायची ताकद आहे ना गाडीत? तेव्हा तो म्हणाला, "शेठ, तू बाजारात पोती वाहिलीस. हातगाडीवर दहा पोती ओढणारा हमाल पाठीवर दहा पोती घेतो का? साडेतीन टन हे ओढायचं. पण हिचं नाक यूटच्या पाठीवर बसलंय, आणि तुम्ही सगळं दुकान त्या नाकात भरलंय. साडेसातशे किलो नुसत्या त्या पिनेवर आहेत. वर आपण चौघं, ती कडी, तुझी हत्यारं. ओढायच्या आधीच ती वाकली आहे."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कळलं होतं. पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही. पण काट्यावरचा माणूस खिडकीतून बघत होता, मागे एक ट्रक उभा होता, आणि जन्मभर वजनावर पोट भरलेल्या मला वजन शिकवलं जात होतं. मी म्हणालो, "असे हजार लोक जातात." तो म्हणाला, "जातात." "त्यांना काही होत नाही." "बहुतेकांना नाही होत. पण घाट उतरताना मागून ढकलणार ते हे वजन, आणि थांबवायचं ते या चाकांनी." मी म्हणालो, "तुला नसेल यायचं तर सांग." तो म्हणाला, "अर्धं सामान उतरवू. घरघंटी आणि पोती ठेवून ये, संध्याकाळी निघू. आणि मोठ्या सफरीला मोठी गाडी बघू." साधी गोष्ट होती. एका तासाचं काम. मी म्हणालो, "एक पोतं उतरणार नाही." का म्हणालो? कोणी माझ्या सौद्यात खोट काढली की माझ्या कानात आवाज सुरू होतो आणि मग मला दुसरं ऐकू येत नाही.

त्याने चष्मा काढला नाही. पुसलाही नाही. दार उघडून उतरला, मेधावहिनीला म्हणाला, "उतर." ती उतरली. इथपर्यंत मी सहन केलं असतं, त्याची बायको, त्याची मर्जी. पण मग तो सुरेखाच्या खिडकीशी गेला आणि माझ्यादेखत तिला म्हणाला, "वहिनी, तुम्हीही यात बसू नका." आणि सुरेखा उतरली. माझ्याकडे न बघता, पर्स छातीशी धरून, काट्याच्या त्या लोखंडी पाट्यावर उतरून उभी राहिली. तिने मला तोडल्याची दुसरी वेळ सुरुवातीला सांगितली, पहिली वेळ ती ही. तिघं खाली आणि मी एकटा स्टिअरिंगवर, मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय. तेव्हा मी खिडकीतून दिलीपला जे बोललो ते इथे पूर्ण लिहीत नाही. एवढंच लिहितो की, "तू जन्मभर सरकारी खुर्चीत बसून दुसऱ्यांनी उभं केलेलं मोजलंस, स्वतः काय उभं केलंस?" असा त्याचा अर्थ होता. तो म्हणाला, "गाडी बाजूला घे, लोक खोळंबलेत." पंचवीस वर्षांतलं त्याचं माझ्यासमोरचं हे शेवटचं वाक्य.

तिघं टॅक्सीने घरी गेले. मी एकटा निघालो. मडजीला. हे पुढचं आजवर कोणालाही माहीत नाही, सुरेखालाही नाही. छापून येईल तेव्हा तिला कळेल. चढ चढेपर्यंत ठीक होतं, नुसतं इंजिन ओरडत होतं. मी स्वतःशी बोलत होतो, सगळी उत्तरं त्याला देत होतो. मग व्हिक्टोरिया पासचा उतार लागला. खालच्या गिअरमध्ये टाकलं तरी मागचं घर पुढे ढकलत होतं. हो, ढकलत होतं, पाठीवर हात ठेवून कोणी ढकलावं तसं. ब्रेकवर पाय दाबला की गाडी जरा ऐकायची, मग दुसऱ्यांदा त्याहून कमी, तिसऱ्यांदा पाय खाली गेला आणि काही झालंच नाही असं वाटलं. स्टिअरिंग हलकं झालं होतं, पुढची चाकं रस्त्याला नीट धरतच नव्हती. जळक्या ब्रेकचा वास आत आला. मी शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. तिथे सुरेखा बसलेली असती, आणि मागे ते दोघं... खाली सपाटी लागली तिथे कशी थांबली ते मला सांगता येणार नाही. चाकांतून धूर निघत होता. एक ट्रकवाला थांबला, म्हणाला, "यू राइट, मेट?" मी म्हणालो, "नो वरीज." मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

दोन तासांनी ब्रेक निवले. तांदळाची चारही पोती, गहू आणि तेलाचे डबे मी रस्त्याच्या कडेला उतरवले आणि तिथेच सोडले. घासाघीस करून जमवलेला माझाच माल. मग तोच घाट, पहिल्या गिअरमध्ये, मागे गाड्यांची रांग घेऊन परत चढलो. पण निघण्याआधी मी एक काम केलं. कॅरॅव्हॅन डोंगरासमोर उभी करून फोटो काढला आणि आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकला: मस्त चालते आहे. संध्याकाळी, मी घरी पोचायच्या जरा आधी, दिलीपचा एक मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "पोचलास का घरी?" फोटो मडजीच्या बाजूचा, आणि तो विचारतोय घरी पोचलास का. म्हणजे मी परत फिरलो असणार हे त्याला ठाऊक होतं. त्याचाच मला जास्त राग आला. मी उत्तर दिलं नाही. सुरेखाला सांगितलं की पाहुण्यांविना मजा नाही म्हणून फिरलो, आणि पोती एका गुरुद्वाऱ्यात दिली. ते दोघं तोवर कॅनबेराला निघून गेले होते.

मग नऊ महिने. मला वाटायचं, तो फोन करेल. चूक वजनाची नव्हती, चूक माझ्या बायकोला माझ्यादेखत उतरवण्याची होती. तेवढं त्याने कबूल केलं की मी माझं कबूल करणार होतो, घाटासकट. मी वाक्यं तयार ठेवली होती. मधे संक्रांत झाली, पाडवा झाला. बायका एकमेकींशी बोलत होत्या. सुरेखा म्हणायची, "एक फोन करा." मी म्हणायचो, "त्याने करावा." आमच्या धंद्यात जो आधी आकडा बोलतो तो हरतो, हे मी आयुष्यभर पाळलं. जून संपताना सिडनी बंद झाली, ऑगस्टमध्ये कॅनबेरा बंद झालं. तोवर अडीच-तीन तासांचा रस्ता मोकळा होता आणि मी गेलो नाही. आता जायचं म्हटलं तरी पोलिसांनी परत पाठवलं असतं.

त्याचे अंत्यसंस्कार आम्ही गोदामात लॅपटॉपवर पाहिले. तिथे मोजक्याच माणसांना परवानगी होती. मेधावहिनी, मुलगी सई, जावई, शेजारचे एक-दोघं, सगळे मास्क लावून दूर दूर बसलेले. गुरुजीही पडद्यावरच, मेलबर्नहून. शवपेटीवर झेंडूचा हार होता. पडद्यावरच्या चौकोनांत आमच्या ओळखीचे सगळे होते, सगळे गप्प, आणि मला ते गप्प राहणं सहन होईना. मी पडद्याला म्हणालो, "एवढी कसली घाई होती रे तुला. एक फोन करायला काय झालं होतं." सुरेखा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही का नाही केला?" आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते जाऊ दे. मग लॅपटॉपमधून सईचा आवाज आला, अगदी हळू: "अंकल, यू आर नॉट ऑन म्यूट." साठ-सत्तर चौकोन. सगळ्यांनी ऐकलं. मेधावहिनीने मान वर केली नाही.

नोव्हेंबरात रस्ते उघडले तसे आम्ही गुंगालिनला गेलो. वहिनीने पोहे केले. मी वाट बघत होतो, की सुरुवात ती करेल आणि मग मी बोलेन. इथेही तेच. शेवटी सुरेखा बाहेर बागेत गेली तेव्हा वहिनी म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी तुम्हाला मेसेज केला होता. तुम्ही पोचलात का म्हणून." मी म्हणालो, "हो." "तुमचं उत्तर येईना. ताट वाढून ठेवलं होतं, जेवायला उठेनात. शेवटी मीच सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, पोचले, यूटमधून उतरतायत. मग जेवले." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नका सांगू, शेठ. मी ऐकून काय करू?" रागाने नाही म्हणाली. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाली.

परत आल्यावर मी कॅरॅव्हॅन विकायला काढली. गेल्या शनिवारी एक जोडपं आलं, पुण्याचं, दोघंही आयटीत, तिशीतले. पोरगा माझ्यासारखाच, आल्या आल्या टायर दाबून नापसंती दाखवणारा. यूट घेऊनच आला होता, माझ्या यूटच्याच ताकदीची. "काका, प्राइस नेगोशिएबल आहे ना?" मला बरं वाटलं, पुष्कळ दिवसांनी कोणीतरी भांडायला मिळालं. भाव ठरला. मग त्याने कडी बसवायचं विचारलं, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. मुद्दाम बाजूला, त्याच्या बायकोच्या कानावर जाणार नाही असं. ज्याची जखम मला आहे ते मी दुसऱ्याला करणार नव्हतो. म्हणालो, "हिला ही यूट पुरणार नाही. रिकामी ओढशील, भरलेली नाही." तो म्हणाला, "साडेतीन टन आहे, काका." मी पिनेचं सांगितलं, पाठीवरच्या पोत्याचं सांगितलं. तो हसला. "अहो, आता भाव ठरल्यावर कशाला? दुसरं गिऱ्हाईक आलंय का?" मी म्हणालो, जवळ काटा आहे, माझ्याबरोबर चल. तो म्हणाला, "लोक नेतात, काका. मी ऑनलाइन सगळं वाचलंय. चिल." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ते आलं... मला ते बाहेरून कधी दिसलं नव्हतं. कानात आवाज सुरू झालेला माणूस. याच्यापुढे आता काहीही बोललं तरी पोचणार नव्हतं.

मग मी वळलो, यूटशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे गेलो, आणि त्याच्यादेखत तिला म्हणालो, "बाळ, तू यात बसू नकोस."

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काय दिसलं माहीत नाही. ती म्हणाली, "आपण नको घेऊया ही." पोरगा मला इंग्रजीत एक शब्द बोलला, मग मराठीत दुसरा. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी उभा राहून ऐकून घेतलं. सांगायला माझ्याकडे घाट होता, धूर होता, रिकामी सीट होती, पण त्याला त्यातलं काही ऐकू आलं नसतं. दिलीपनेही मला तीनदा सांगितलं होतं. मी मोजलं आहे आता. त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. माझा अपमान होईल हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पंचवीस वर्षं त्याने मला ओळखलं होतं, आणि तरी तो चालत त्या खिडकीशी गेला. यात माझा राग कुठे बसवायचा ते मला अजून कळत नाही. राग गेलेला नाही. पण त्याला जागा उरलेली नाही. ते दोघं यूटमध्ये बसून मला शिव्या देत निघून गेले. दोघं, एकत्र, घरी.

जाहिरात मी काढून टाकली. कॅरॅव्हॅन गोदामाच्या बाजूला उभी आहे, तिच्या लोखंडी पायांवर टेकवलेली. दिवाळीनंतरचा माल आला आहे आणि गोदामात पाऊल ठेवायला जागा नाही. काल सुरेखा म्हणाली, "नाकाखालचा तो कप्पा रिकामा पडलाय, दहा पोती सहज राहतील. तिथे ठेवून घ्या." मी एक पोतं खांद्यावर घेतलं, गेलो, कप्प्याचं दार उघडलं. आत झाडून पुसून स्वच्छ होतं. उभा राहिलो. ती दुकानाच्या दारातून बघत होती. "आता काय झालं? उभ्या गाडीला कसलं ओझं?" तिचं बरोबर होतं. चाकं फिरणार नाहीत, घाट नाही, खाली यूटसुद्धा नाही. मी कप्पा लावला आणि पोतं परत गोदामात नेलं.